लाल पट्टीवर त्याचं नाव

मला माणसं विसरता येतात, पण चारचौघांत झालेला अपमान विसरता येत नाही. हा दोष मी आईकडून घेतला. मखमलाबादला आमची वीस गुंठे जमीन. त्यात मेथी, कोथिंबीर, कडेने झेंडू. एका अडत्याने पूर्वी कधीतरी आईच्या जुड्या लोकांदेखत पायाने बाजूला सरकवल्या होत्या. आई आजही त्याच्या गाळ्यासमोरून जात नाही. डोक्यावर पाटी असली तरी लांबून वळसा घालते. लहानपणी मला तो हट्ट वाटायचा.

मी सांगणार आहे ते माझ्या टीम लीडबद्दल. तो आता पुण्यात असतो आणि त्याचं बरं चाललं आहे.

आमची कंपनी गंगापूर रोडला एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. सगळे मिळून आठ जण. द्राक्षांच्या पॅकहाउससाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. माल कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटवरून आला, त्यावर काय फवारलं होतं, कधी तोडला, याची नोंद ठेवायची आणि बॉक्सवर चिकटवायचं लेबल छापायचं. परदेशी जाणाऱ्या मालाचं सगळं त्या लेबलवर अवलंबून. प्लॉटचा नंबर चुकला की तो माल कुणाचाच नाही.

काम करायची आमची पद्धत मात्र जुनीच होती. प्रत्येक जण कोडची आपली कॉपी घेऊन महिना महिना बसायचा. मग नवीन व्हर्जन द्यायच्या आदल्या दिवशी टीम लीड सगळ्यांचं काम एकत्र करायचा. त्याला आम्ही मर्ज म्हणतो. तो मर्ज त्याने स्वतःकडे राखून ठेवला होता. एरवी तो आमच्यातच बसायचा; त्या दिवशी मात्र केबिनमध्ये जाऊन दार लावून घ्यायचा आणि बजावायचा, "तासभर मला कोणी हाक मारायची नाही." दोघांनी एकाच फाइलमध्ये बदल केले असतील तर कुणाचा ठेवायचा आणि कुणाचा टाकायचा हे तोच ठरवायचा. मर्ज झाल्यावर पुन्हा तपासायला वेळच उरलेला नसायचा. ते तसंच क्लायंटकडे जायचं.

त्या वर्षी जानेवारीत मी लेबलमधली एक चूक सुधारली. एकाच शेतकऱ्याचे दोन प्लॉट असले तर लेबलवर नेहमी पहिल्याच प्लॉटचा नंबर यायचा. मी ती जागा शोधली, दुरुस्त केली, वेगवेगळी नावं घालून दहा वेळा छापून पाहिली आणि काम दिलं.

फेब्रुवारीत, ऐन हंगामात, दिंडोरीच्या पॅकहाउसमधून सकाळी अकराला फोन आला. लीडने गाडीची किल्ली उचलली आणि मला म्हणाला, "चल, तुझ्याच लेबलचं काहीतरी आहे."

पॅकहाउसच्या फाटकात कंटेनर उभा होता, दार उघडं टाकून. आत लांब टेबलांपाशी डोक्याला टोप्या बांधलेल्या बायका रांगेने उभ्या होत्या. एरवी त्यांचे हात थांबत नाहीत; बारक्या कात्रीने घडातले खराब मणी काढत असतात. त्या दिवशी कात्र्या टेबलावर होत्या आणि सगळ्या दाराकडे बघत होत्या. पॅकहाउसच्या मालकांना सगळे दादा म्हणत. त्यांच्या हातात लेबलांचा रोल होता.

"हे बघा साहेब," ते लीडला म्हणाले. "माल खालच्या प्लॉटचा, नंबर वरच्या प्लॉटचा. तपासणीवाले म्हणत्यात, अख्खा माल उतरवा. आता काय करायचं?"

लीडने लेबल हातात घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. मग माझ्याकडे वळला.

"लेबलचं काम हिचं आहे, दादा. शंभर वेळा सांगितलं हिला, तपासून देत जा म्हणून." आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाला, "दादांची माफी माग."

मी मागितली. हात जोडून, त्या सगळ्या बायकांसमोर. "दादा, चूक झाली माझ्याकडून." खरंच चूक झाली असं मला त्या क्षणी वाटत होतं, आणि आजही जळतं ते यामुळेच. त्याने नुसतं म्हटलं आणि माझा स्वतःवरचा विश्वास गेला. मी दहा वेळा छापून पाहिलेलं मलाच आठवेना.

दुपारभर आम्ही बॉक्सवरची लेबलं सोलत होतो. खालच्या प्लॉटचे नंबर हाताने लिहून नवी चिकटवत होतो. प्रीकूलिंगच्या थंड खोलीतून आलेले बॉक्स गार असतात, बोटं बधिर होतात. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आपले हातमोजे काढून माझ्यापुढे टाकले.

"घाल," त्या म्हणाल्या. "आन् रडू नको पोरी. तुझ्या साहेबानं एक बी लेबल काढलं नाय, बघितलं का?"

मी वळून पाहिलं. तो दादांच्या केबिनमध्ये काचेपलीकडे बसून चहा पीत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यागेल्या मी कोडचा इतिहास उघडला. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली, हे सगळं तिथे नावानिशी राहतं. माझी दुरुस्ती तिथे होती. आणि तिच्यावर, मर्जच्या दिवशी, त्याच्या जुन्या फाइलची कॉपी होती. दोन्हींत फरक दिसल्यावर त्याने स्वतःची ठेवली होती आणि माझी पुसली होती. बहुधा वाचलीही नव्हती.

मी लॅपटॉप उचलून कंपनीच्या मालकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि मान हलवली.

"बरोबर आहे तुझं. पण आता झालं गेलं. टीममध्ये असं एकमेकांकडे बोट दाखवायचं नसतं."

"काल माझ्याकडे दाखवलं ते, सर?"

"ते क्लायंटसमोर होतं. तिथे वेळ मारून न्यावी लागते."

मी लॅपटॉप मिटला. जागेवर येऊन बसले. डोकं शांत झालं होतं. या माणसाला मी सोडणार नाही, एवढं एकच मनात होतं. आरडाओरडा करून काही होणार नव्हतं, ते पाहून झालं होतं. मला असा साक्षीदार हवा होता जो वेळ मारून नेत नाही.

कंटिन्युअस इंटिग्रेशनबद्दल मी आधी वाचलं होतं. कुणीही कोडमध्ये बदल करून मुख्य कॉपीत टाकला की एक मशीन लगेच सगळ्यांचं काम एकत्र करतं, सॉफ्टवेअर पहिल्यापासून बांधतं आणि ठरवून दिलेल्या तपासण्या एकेक करून घेतं. महिनाअखेरची वाट बघायची नाही. दिवसातून जितक्या वेळा बदल, तितक्या वेळा तपासणी. वाचलं तेव्हा वाटलं होतं, चांगलं आहे, कधीतरी करू. आता कारण मिळालं होतं.

शनिवारी आमचा अर्धा दिवस असायचा. बाकीचे गेले की मी थांबायचे. अडगळीत एक जुना कॉम्प्युटर होता, पंखा खडखडणारा. तो पुसून मी त्यावर सगळं बसवलं. मग तपासण्या लिहायला घेतल्या. पहिली अर्थातच एका शेतकऱ्याच्या दोन प्लॉटची. पुढच्या कुठल्या, याचा हिशोब मी सरळ ठेवला. त्याने लिहिलेला कोड उघडायचा, जिथे घाईघाईत उरकलेलं दिसेल तिथे तपासणी लावायची. टीमचं भलं वगैरे माझ्या मनात नव्हतं. मी सापळे लावत होते.

शेवटी एक जुना मॉनिटर भिंतीवर टांगला. त्याच्या खुर्चीच्या बरोबर समोर. सगळं नीट असेल तर हिरवी पट्टी. काही बिघडलं तर लाल, आणि त्या लाल पट्टीवर शेवटचा बदल ज्याने केला त्याचं नाव. अक्षराचा आकार मीच निवडला. होता त्यातला सर्वांत मोठा.

सोमवारी तो आला, पाहिलं आणि हसला. "हे काय? दिवाळीची आरास?"

मालक म्हणाले, "राहू दे. क्लायंट आले की दिसायला बरं दिसतं."

पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव चार वेळा लागलं. मी डबा खाताना खुर्ची वळवून स्क्रीनकडे तोंड करून बसायचे. पट्टी लाल झाली की उठून त्याच्या टेबलापाशी जायचे आणि अगदी मऊ आवाजात म्हणायचे, "सर, लाल झालंय." त्याचे कान तांबडे व्हायचे. मला भाकरी गोड लागायची.

आणि गंमत म्हणजे ते यंत्र खरंच उपयोगाचं निघालं. आमच्यात एक गृहस्थ होते, मालेगावचे, चाळिशी उलटलेले. आधी यंत्रमागावरच्या साड्यांची नक्षी कॉम्प्युटरवर करायचे, मग स्वतःच शिकून प्रोग्रॅमिंगला आले होते. फार बोलायचे नाहीत. एके दिवशी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, हे बेस्ट केलं. मागावर धागा तुटला अन् तिथंच माग थांबला, तर सांधता येतो. पूर्ण थान विणून झाल्यावर कळलं तर त्या कापडाचं काय करणार?" ते सकाळ-संध्याकाळ आपलं काम मुख्य कॉपीत टाकू लागले. बाकीचेही टाकू लागले. महिन्याने सापडणारी चूक दहा मिनिटांत सापडायची, आणि कशामुळे झाली तेही ताजं आठवत असायचं. केबिनचं दार लावून करायचा तो मर्ज संपला. करायला काही उरलंच नाही, रोज थोडं थोडं होऊन जायचं.

मालकांनी नियमच केला. प्रत्येकाचं काम रोज मुख्य कॉपीत गेलं पाहिजे आणि क्लायंटला फक्त हिरवं व्हर्जन द्यायचं.

लीडने नियमाला मान डोलावली आणि पाळला नाही. मोबाइलवरून फवारणीची नोंद करायचा नवा भाग तो स्वतः लिहीत होता. तो त्याने कोडच्या वेगळ्या फांदीवर, म्हणजे मुख्य कॉपीपासून बाजूला, ठेवला. विचारलं की म्हणायचा, "माझं काम मोठं आहे, तुकड्यातुकड्यात येत नाही." खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. भिंतीवर नाव लागू नये म्हणून.

त्याची ती फांदी मी रोज उघडून वाचायचे. दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की त्याने सुरुवात कुठल्यातरी जुन्या कॉपीवरून केली आहे. लेबलचा तो जुना तुकडा, पहिल्याच प्लॉटचा नंबर घेणारा, पुन्हा जिवंत झाला होता. मी एक वाक्य बोलले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. मी बोलले नाही. तीन आठवडे त्याच्यासमोर बसून चहा प्यायले, त्याच्या मुलाच्या शाळेची चौकशी केली आणि बोलले नाही.

डिसेंबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, दादा नवं व्हर्जन बघायला ऑफिसात येणार होते. त्या दिवशी सकाळी दहाला लीडने तीन आठवड्यांचं काम एकदम मुख्य कॉपीत टाकलं. पाच मिनिटांत दादा आले. मालकांनी त्यांना नेमकं स्क्रीनच्या समोर बसवलं. क्लायंटला दिसायला बरं दिसतं म्हणून. चहा आला. कोपऱ्यात जुना पंखा खडखडत होता. मी कप हातात धरून उभी होते.

पट्टी लाल झाली. त्याचं नाव आलं. खाली बारीक अक्षरात कुठली तपासणी फसली ते आलं.

दादांनी कप खाली ठेवला. "हे लाल काय हाय?"

लीड पटकन म्हणाला, "काही नाही दादा, सिस्टीम अपडेट होतेय."

"तसं नाही, दादा," मी म्हणाले. "एका शेतकऱ्याचे दोन प्लॉट असले तर लेबलवर चुकीचा नंबर येतोय, असं मशीन सांगतंय."

दादांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना मी आठवले.

"मागल्या टायमाला झालं होतं तेच ना हे?"

"तेच."

"मग मागल्या टायमाला कोणाकडून झालं होतं? तू माफी मागितली होतीस."

मालक घाईने म्हणाले, "दादा, जुनं जाऊ द्या..."

"नाय, कळू द्या की," दादा म्हणाले. "माझा कंटेनर थांबला होता."

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. इतिहासाचं ते पान दहा महिने एका क्लिकवर ठेवलेलं होतं. मी मोठ्याने वाचलं. माझी दुरुस्ती, माझं नाव, तारीख. मग मर्ज, त्याचं नाव, तारीख. शाळेत धडा वाचावा तसं, एकही शब्द पदरचा न घालता.

दादा लीडकडे वळले. "आन् माफी हिला मागायला लावली तुम्ही?"

तो म्हणाला, "त्या दिवशी फार घाई होती, दादा."

एवढंच. त्याच्या कपाळावर घाम आला होता, डिसेंबरात. मी तो घाम डोळे भरून पाहिला. खोटं कशाला सांगू, त्या वर्षातला माझा सर्वांत आनंदाचा दिवस तो होता.

दादांचं काम मात्र अडलं नाही. आदल्या संध्याकाळचं हिरवं व्हर्जन आमच्याकडे होतं, तेच त्यांना दिलं. लीडचा भाग त्यात नव्हता, बाकी सगळं होतं. त्याचा भाग मी आणि मालेगावच्या गृहस्थांनी चार दिवसांत सरळ केला.

दोन महिन्यांनी त्याने पुण्यातली नोकरी धरली. निरोपाला समोसे आणि केक आणला होता. माझ्याशी हात मिळवून म्हणाला, "चांगलं काम करतेस तू."

"सगळं तुमच्यामुळे, सर," मी म्हणाले. त्याला ते कौतुक वाटलं. तो हसला.

त्याच्या जागी मला टीम लीड केलं. मग काही आठवड्यांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मालेगावचे गृहस्थ, जे सकाळ-संध्याकाळ काम टाकायचे, ते आता चार-चार दिवस काहीच टाकत नव्हते. मी विचारलं. ते आधी टाळत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. त्या लाल पट्टीवर स्वतःचं नाव बघितलं की घाबरायला होतं. या वयात. म्हणून म्हटलं, पूर्ण खात्री झाली की मगच टाकू."

मी पट्टीकडे पाहिलं. ज्याच्यासाठी ती एवढ्या मोठ्या अक्षरात केली होती तो माणूस केव्हाच निघून गेला होता. तिची भीती मात्र मागे राहिली होती, आणि ज्याने तिला मनापासून चांगलं म्हटलं त्यालाच ती डाचत होती. लोक पुन्हा काम दडवायला लागले होते. मग त्या यंत्राचा उपयोग काय राहिला? त्याच दिवशी मी नाव काढलं. काय बिघडलं तेवढंच दिसेल असं केलं. दुसऱ्या दिवशी मालेगावच्या गृहस्थांनी तीन वेळा काम टाकलं, त्यात दोनदा लाल झालं आणि दोन्ही वेळा ते स्वतःच हसले.

हे माझं मोठेपण नव्हतं. लीड तिथे असता तर मी नाव काढलं नसतं.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. सुरुवातीला इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "अगं, तू ते ऑफिसात लावलं होतंस ना, आपोआप तपासणारं? आमच्या टीमला तसं करायचंय. तुझ्याकडे सगळं लिहिलेलं असेल."

मी म्हणाले, "ते मी का लावलं होतं, आठवतं का तुम्हाला?"

"का म्हणजे?"

"दिंडोरी. पॅकहाउस. मला माफी मागायला लावलीत."

तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता, हे मला कळत होतं. "नाही गं लक्षात," तो म्हणाला. "मी तसं केलं होतं? बरं, सॉरी हं."

इतकी वर्षं मी जे जपून ठेवलं होतं ते त्याच्यापाशी नव्हतंच. गर्दीत कुणाचा पाय लागला की म्हणतात तसं ते सॉरी होतं. मी फोन ठेवणारच होते. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "काय आहे, आमच्याकडे एक मुलगी आहे, नवीन. तिच्या गोंधळामुळे मागचं रिलीज पार बोंबललं. सगळ्यांसमोर झापावं लागलं तिला. म्हणून म्हटलं, असं काहीतरी बसवून टाकू."

"मर्ज कोण करतं तुमच्याकडे?" मी विचारलं.

"मीच करतो. का?"

"काही नाही. त्या मुलीचा नंबर द्या. मी तिलाच शिकवते."

"अरे वा," तो म्हणाला. "तुझा वेळ जाईल उगाच."

"जाऊ दे," मी म्हणाले.

त्याने आनंदाने नंबर दिला. रविवारी सकाळी मी तिला फोन केला. ती घाबरत घाबरत बोलत होती, प्रत्येक वाक्याआधी "सॉरी मॅडम" म्हणत होती. मी तिला म्हणाले, "सॉरी नंतर. आधी कोडचा इतिहास उघड आणि मला वाचून दाखव." तिने वाचायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या ओळीला ती थांबली. तीच ओळ तिने पुन्हा सावकाश वाचली: मर्ज, त्याचं नाव, तारीख, आणि खाली पुसलेलं तिचं काम.

मग तिने विचारलं, "मॅडम, हे आता कोणाला दाखवू?"

"इतक्यात कोणालाच नको," मी म्हणाले. "आधी मशीन लावू."

चार रविवार लागले आम्हाला. पट्टीवर नाव ठेवायचं का, असं तिने शेवटच्या रविवारी विचारलं. मालेगावच्या गृहस्थांचं मी तिला सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही. "आता तुझं तू ठरव," मी म्हणाले. तिने काय ठरवलं ते मी विचारलेलं नाही.